विश्लेषण : ‘स्वर्गीय नर्तक’ किनवटच्या जंगलात रमतो, मग लातूरला का टाळतो?

पांढराशुभ्र देह, चकचकीत काळे डोके, डोक्यावर तुरा आणि मागे फितीसारखी लहरणारी फूटभर लांब शेपटी. ‘स्वर्गीय नर्तक’ या पक्ष्याचे छायाचित्र मोबाइलवर आले की ‘हा आपल्याकडचा नसेल’ अशीच पहिली प्रतिक्रिया येते. प्रत्यक्षात तो अस्सल भारतीय पक्षी आहे. नांदेड जिल्ह्यातील किनवट-माहूरच्या पानझडी जंगलासारखा अधिवास त्याला मानवतो. शेजारच्या लातूर जिल्ह्यात मात्र त्याला घरटे बांधावे अशी जागा शोधावी लागते. एकाच मराठवाड्यातल्या दोन जिल्ह्यांत हा फरक का, या पक्ष्याला नेमके काय हवे असते आणि ते लातूरला देता येईल का, याचा हा आढावा.

हा पक्षी नेमका कसा ओळखायचा?

शेपटी सोडली तर स्वर्गीय नर्तक बुलबुलाएवढा. चोच ते शेपटीचे मूळ पिसे धरून लांबी १९ ते २२ सेंटिमीटर. पूर्ण वाढलेल्या नराच्या शेपटीतील मधली दोन पिसे मात्र ३० सेंटिमीटरपर्यंत वाढतात. तो एका फांदीवरून दुसरीवर उडाला की ही पिसे हवेत लाटेसारखी हलतात. त्यावरूनच ‘नर्तक’ हे नाव पडले. डोळ्याभोवती निळसर कडे असते. आवाज मात्र रूपाला साजेसा नाही. ‘च्वे, च्वे’ असा घोगरा, काहीसा कर्कश स्वर काढतो. विणीच्या काळात थोडे गोड गाणेही ऐकू येते.

मादीला लांब शेपटी नसते. तिची पाठ तांबूस, गळा राखाडी आणि डोके काळसर असते. पक्षी पाहणाऱ्यांच्या नजरेतून मादी अनेकदा सुटते, ती याच साधेपणामुळे. हिंदी पट्ट्यात या पक्ष्याला ‘दूधराज’ म्हणतात आणि तो मध्य प्रदेशचा राज्यपक्षी आहे.

एकाच पक्ष्याचे दोन रंग कसे?

हा प्रश्न हमखास पडतो. कुणी पांढरा नर पाहिलेला असतो, कुणी विटकरी. दोघेही एकाच जातीचे. लहान नर दिसायला मादीसारखाच तांबूस आणि आखूड शेपटीचा असतो. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी त्याची शेपटी लांबते. त्यानंतर काही नर तांबूसच राहतात, तर काही पांढरे होतात. त्यामुळे एकाच जंगलात आखूड शेपटीचा तांबूस, लांब शेपटीचा तांबूस आणि लांब शेपटीचा पांढरा, असे तीन प्रकारचे नर दिसू शकतात. नवख्या निरीक्षकाला या तीन वेगळ्या जाती वाटतात.

श्रीलंकेत स्थायिक असलेल्या याच जातीच्या पक्ष्यांत नर पांढरे होत नाहीत. हिवाळ्यात भारतातून तिकडे जाणारे नर मात्र पांढरे असतात. लांब पांढरी शेपटी पाहून तिथल्या सिंहली भाषेत त्याला ‘कापडचोर’ अशा अर्थाचे नाव मिळाले आहे.

एवढी लांब शेपटी उडताना अडचणीची ठरते, झुडपात अडकते, शिकारी पक्ष्याच्या नजरेत भरते. तरीही ती टिकून आहे, कारण जोडीदार निवडताना ती उपयोगी पडते, असे उत्क्रांतीचे अभ्यासक मानतात. एवढे ओझे सांभाळून जगणारा नर धडधाकट असणार, हा त्यामागचा तर्क.

नाव माशीमाराचे, कूळ वेगळेच?

इंग्रजी नावामुळे स्वर्गीय नर्तकाची गणना अनेक वर्षे माशीमार पक्ष्यांत होत राहिली. उडता कीटक हवेतच टिपायची त्याची पद्धतही तशीच आहे. मात्र नव्या वर्गीकरणानुसार तो ‘मोनार्किडी’ या वेगळ्या कुळात येतो. नात्याने तो कोतवाल आणि नाचण यांना अधिक जवळचा.

याउलट, नावात माशीमार नसलेले आपल्या अंगणातले काही पक्षी खऱ्या माशीमार कुळातले आहेत. दयाळ, चिरक आणि शेताच्या कुंपणावर बसणारा गप्पीदास हे तिघेही ‘मस्किकॅपिडी’, म्हणजे माशीमारांच्या कुळात मोडतात. रंगीत माशीमार म्हणून ओळखला जाणारा टिकेलचा निळा माशीमार हाही याच कुळातला. निळी पाठ, नारिंगी छाती आणि पांढरे पोट असलेला हा चिमणीएवढा पक्षी सावलीच्या ओढ्याकाठी वर्षभर राहतो. त्याचा निळा रंग हा रंगद्रव्याचा नाही. पिसांच्या अतिसूक्ष्म रचनेवरून प्रकाश विखुरतो आणि आपल्याला निळे दिसते. हिवाळ्यात लाल छातीचा माशीमार, निलपरी म्हणावी असा फिकट हिरवट-निळा माशीमार आणि तपकिरी माशीमार हे पाहुणेही भारताच्या मैदानी भागात उतरतात.

सन १७५८ मध्ये कार्ल लिनियसने स्वर्गीय नर्तकाची शास्त्रीय नोंद केली तेव्हा त्याला चक्क कावळ्याच्या प्रजातीत टाकले होते. आज त्याचे शास्त्रीय नाव ‘टर्प्सिफोने पॅराडिसी’ असे आहे. पूर्वी चीन आणि आग्नेय आशियातील पक्षीही याच जातीत धरले जात. आता त्यांच्या स्वतंत्र जाती मानल्या जातात आणि आपल्याकडचा पक्षी ‘भारतीय स्वर्गीय नर्तक’ म्हणून वेगळा ओळखला जातो.

त्याला राहायला नेमके काय लागते?

तीन गोष्टी. दाट सावली, जवळपास पाणी आणि भरपूर उडते कीटक.

त्याची शिकारीची पद्धत पाहिली की हे लक्षात येते. मोठ्या झाडाच्या छताखाली, पण झुडपांच्या वर जी मोकळी जागा असते तिथे तो फांदीवर ताठ बसतो. माशी, पतंग, चतुर असे काही उडताना दिसले की झेप घेतो, हवेतच टिपतो आणि परत फांदीवर येतो. त्याची चोच बुडाशी रुंद असते आणि तिच्याभोवती राठ केस असतात. पाय आखूड आणि दुबळे असल्याने तो जमिनीवर उतरून दाणे वेचत नाही. म्हणजे झाडाचे छत हवे, त्याखाली झुडपांचा थर हवा आणि कीटक पोसायला जमिनीवर पालापाचोळाही हवा. यातला एक थर नाहीसा झाला तरी त्याचे घर मोडते.

पाण्याची गरज पिण्यापुरती नाही. दुपारच्या वेळी फांदीवरून डबक्यात सूर मारून पुन्हा फांदीवर जाणे ही त्याची आंघोळीची पद्धत. म्हणूनच ओढा, झरा, पाझर किंवा बागेतील पाट असा ओलावा असलेल्या जागी तो हटकून सापडतो.

नांदेडच्या वाट्याला हे जंगल कसे आले?

नांदेड हा मराठवाड्यात तुलनेने जास्त वन असलेला जिल्हा. पण हे वन जिल्हाभर सारखे पसरलेले नाही. ते प्रामुख्याने किनवट आणि माहूर तालुक्यांत, पैनगंगेच्या खोऱ्यात एकवटले आहे. यामागे भूगोलाइतकाच इतिहास आहे. किनवटचा परिसर हैदराबाद राज्यात आदिलाबाद जिल्ह्याचा भाग होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली तेव्हा तो नांदेडला जोडला गेला. निसर्गाच्या दृष्टीने हा पट्टा मराठवाड्याच्या काळ्या सपाट रानापेक्षा विदर्भ आणि तेलंगणाच्या सागवानी जंगलाला जवळचा आहे.

सुमारे ३२५ चौरस किलोमीटरचे पैनगंगा अभयारण्य यवतमाळ आणि नांदेड जिल्ह्यांच्या हद्दीत येते. उत्तरेला यवतमाळमधील टिपेश्वर अभयारण्य आणि दक्षिणेला तेलंगणातील कवल व्याघ्र प्रकल्प आहे. साग, धावडा, मोह, तेंदू, ऐन, बेहडा आणि नाल्याकाठी अर्जुन, जांभूळ, करंज अशी इथली झाडोऱ्याची ठेवण. सहस्रकुंड धबधब्याचा परिसर, माहूरच्या डोंगररांगा, उनकेश्वरच्या आसपासचे नाले या जागांमध्ये सावली आणि ओलावा दोन्ही मिळतात. स्वर्गीय नर्तकाला हवा तसाच हा अधिवास आहे.

पानझडी जंगलात एक अडचण असते. फेब्रुवारीनंतर साग निष्पर्ण होतो आणि रान उघडे पडते. अशा वेळी नाल्याकाठची सदाहरित झाडे हीच पक्ष्यांची आश्रयस्थाने ठरतात. करंज आणि जांभूळ ऐन उन्हाळ्यातही हिरवे असतात. म्हणून नाल्याची पाच-दहा मीटर रुंदीची हिरवी पट्टी संपूर्ण जंगलातील पाखरांसाठी मोलाची असते.

लातूरमध्ये अडचण कुठे आहे?

लातूर जिल्हा १९८२ मध्ये तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातून वेगळा झाला. बालाघाटच्या पठारावरील हा जिल्हा पूर्वापार शेतीचा. इथले वनक्षेत्र भौगोलिक क्षेत्राच्या एक टक्क्याहूनही कमी आहे. महाराष्ट्राची सरासरी साधारण साडेसोळा टक्के आहे आणि १९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणाने देशासाठी ३३ टक्के हे उद्दिष्ट ठेवले होते. या आकड्यांशी तुलना केली की लातूरचे स्थान कळते.

जंगल नव्हते तेव्हाही पाखरांना जागा होती. बांधावरची बाभूळ, लिंब आणि चिंच, विहिरीशेजारची आमराई, नदीकाठचा करंज, गावाबाहेरचे देवाचे रान या सगळ्यांनी मिळून एक विखुरलेले जंगल तयार केले होते. शेताचे तुकडे पडत गेले तसे बांध अरुंद झाले. यंत्राला अडथळा म्हणून बांधावरची झाडे गेली. आमराईतील जुनी गावरान झाडे तोडून तिथे पीक आले. सोयाबीन हे जिल्ह्याचे मुख्य पीक झाले आणि सलग उघडी शेते वाढली. पिकावर कीटकनाशक फवारले की अळीबरोबर पतंग आणि माश्याही मरतात. कीटक टिपून जगणाऱ्या पक्ष्याचे अन्न तिथे घटते.

दुसरा प्रश्न पाण्याचा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पिण्याचे पाणी आणावे लागले, हे सगळ्या देशाने पाहिले. माणसांसाठी पाणी गाडीने आले. ओढ्याकाठच्या झाडांना आणि त्यावरच्या पाखरांना तशी सोय नव्हती. मांजरा, तेरणा, मन्याड यांसारख्या नद्यांच्या उपनद्या आणि ओढे हिवाळा संपताच आटतात. भूजल खोल गेले की काठची जुनी झाडेही वाळू लागतात. पक्ष्याच्या तीन गरजांपैकी सावली आणि पाणी या दोन्ही एकदम कमी होतात.

म्हणजे लातूरमध्ये तो दिसणारच नाही का?

तसे नाही. स्वर्गीय नर्तक स्थानिक स्थलांतर करतो. विणीचा काळ सोडला तर तो बऱ्याच दूरवर भटकतो आणि अशा वेळी शहरातील जुन्या बागा, महाविद्यालयांचे झाडीदार परिसर, आमराया, बांबूची बेटे इथे थांबतो. मुक्काम दोन-चार दिवसांचा असला तरी त्या थांब्याशिवाय पुढचा प्रवास होत नाही.

लातूरमध्ये असे थांबे ठरतील अशा जागा आहेत. चाकूर तालुक्यात वडवळ नागनाथजवळचे संजीवनी बेट औषधी वनस्पतींसाठी प्रसिद्ध आहे. उदगीर तालुक्यातील देवर्जनजवळचे हत्तीबेट ही झाडीची टेकडी आहे. आजूबाजूच्या उघड्या शेतांत अशी ठिकाणे समुद्रातील बेटांसारखी असतात. दोन्हींच्या नावात ‘बेट’ असणे त्या दृष्टीने अगदी समर्पक आहे. नांदेड शहरातही गोदावरीकाठचे झाडीचे पट्टे आणि स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचा परिसर पक्षी पाहणाऱ्यांसाठी महत्त्वाचा आहे.

विणीचा हंगाम नाजूक का असतो?

मे ते जुलै हा त्याचा विणीचा मुख्य काळ. मराठवाड्यात हाच उन्हाळ्याचा शेवट आणि पावसाची सुरुवात. पहिल्या सरींनंतर कीटकांची संख्या झपाट्याने वाढते आणि पिलांना भरवायला अन्न मिळते. पाऊस लांबला तर हे गणित बिघडते.

घरटे लहानशा वाटीसारखे. बारीक काड्या, मुळ्या आणि गवताचे तंतू कोळ्याच्या जाळ्याने लिंपून ते फार उंच नसलेल्या फांदीच्या टोकाला बांधलेले असते. मादी तीन ते चार अंडी घालते. नर आणि मादी दोघेही घरटे बांधतात, अंडी उबवतात आणि पिले भरवतात. नर उबवायला बसला की त्याची लांब शेपटी घरट्याबाहेर लोंबत राहते. अंड्यांतून पिले यायला साधारण दोन आठवडे लागतात आणि त्यानंतर दीडेक आठवड्यात पिले घरटे सोडतात.

अनेकदा हे घरटे कोतवालाच्या घरट्याजवळ आढळते. कोतवाल कावळ्याला आणि शिक्र्यालाही पिटाळून लावतो. त्या पहाऱ्याचा फायदा शेजाऱ्याला मिळतो. पण कमी उंचीवरचे घरटे साप, मांजर आणि माणूस यांच्या टप्प्यात असते. याच काळात जंगलात वणवा लागला किंवा झुडपे साफ केली गेली, तर वर्षभराची वीण वाया जाते. मोहफुले वेचणे सोपे व्हावे म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. त्यातून पसरणाऱ्या आगीत आधी झुडपांचा थर आणि कीटकच नष्ट होतात. मोठी झाडे उभी राहतात, त्यामुळे नुकसान डोळ्यांना दिसत नाही.

ही जात धोक्यात आहे का?

जागतिक पातळीवर नाही. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या यादीत ती ‘कमी चिंतेची’ या गटात आहे, कारण तिचा आढळ मध्य आशियापासून श्रीलंकेपर्यंत पसरलेला आहे. मात्र जगभरात सुरक्षित असलेला पक्षी एखाद्या तालुक्यातून गुपचूप नाहीसा होऊ शकतो. तो गेल्याची बातमी होत नाही.

देशाचे चित्रही दिलासा देणारे नाही. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या २०२३ च्या अहवालात ९४२ जातींचा विचार झाला. दीर्घकालीन कल ठरवण्याइतकी माहिती ३३८ जातींबद्दल मिळाली आणि त्यातील २०४ जातींची संख्या घटलेली आढळली. फळे आणि मधुरस खाणाऱ्या पक्ष्यांपेक्षा मांस आणि कीटकांवर जगणाऱ्या पक्ष्यांची घट अधिक आहे.

झाडे लावली की तो परत येईल?

राज्यात २०१७ ते २०१९ या तीन वर्षांत अनुक्रमे ४, १३ आणि ३३ कोटी वृक्ष लागवडीची उद्दिष्टे ठरवली गेली होती. लातूरसारख्या जिल्ह्यात लागवड आवश्यकच आहे. पण स्वर्गीय नर्तकाच्या दृष्टीने झाडांच्या संख्येपेक्षा त्यांची रचना महत्त्वाची. एकाच वयाची, एकाच जातीची, ओळीने लावलेली आणि खालून झाडून स्वच्छ ठेवलेली झाडे म्हणजे जंगल नव्हे. गिरिपुष्प, सुबाभूळ किंवा निलगिरी पटकन वाढते, पण तिथे स्थानिक झाडांइतके वैविध्यपूर्ण कीटक सहसा मिळत नाहीत.

उपयोगी पडेल ते पुढीलप्रमाणे :

- ओढे आणि नद्यांच्या काठी करंज, जांभूळ, अर्जुन, उंबर यांची सलग पट्टी.
- मोठ्या झाडांखाली निरगुडी, करवंद, तरवड अशी झुडपे राहू देणे.
- पाचोळा न जाळणे.
- बांधावरची आणि विहिरीजवळची जुनी झाडे टिकवणे. पन्नास वर्षांच्या आंब्याची जागा शंभर रोपे लगेच घेऊ शकत नाहीत.
- बागेत सावलीत उथळ पाण्याचे भांडे ठेवणे आणि ते रोज धुणे.

यातील शेवटची गोष्ट सोडली तर बाकी सगळ्यांचा फायदा शेतकऱ्यालाही आहे. काठची झाडे माती धरून ठेवतात आणि कीटक खाणारी पाखरे पिकाच्या शेजारी राहतात.

छायाचित्रकारांसाठी कायदा काय सांगतो?

घरट्यावर बसलेल्या लांब शेपटीच्या नराचे छायाचित्र समाजमाध्यमांवर लगेच पसरते. त्यासाठी घरट्यासमोरच्या डहाळ्या छाटणे, मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणे, गर्दी करून तासन्‌तास थांबणे असे प्रकार होतात. आडोसा गेला की घरटे ऊन आणि कावळा दोघांनाही उघडे पडते. घाबरलेली जोडी अंडी सोडूनही जाऊ शकते.

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मधील ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या गोळी घालण्यापुरती नाही. वन्य पक्ष्यांची अंडी फोडणे, अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणे हेही त्या व्याख्येत येते. म्हणून विणीच्या काळात घरट्याची जागा जाहीर न करणे आणि दुरूनच पाहून निघून जाणे हेच योग्य.

सामान्य वाचकाला काय करता येईल?

दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर या काळात राज्यात पक्षी सप्ताह साजरा होतो. ५ नोव्हेंबर हा अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांचा आणि १२ नोव्हेंबर हा डॉ. सालिम अली यांचा जन्मदिन. फेब्रुवारीत जगभर होणाऱ्या पक्षी गणनेतही कुणालाही भाग घेता येतो. ‘ई-बर्ड’सारख्या मोफत ॲपवर जागा, तारीख, वेळ आणि दिसलेल्या पक्ष्यांची यादी टाकता येते.

लातूरसारख्या जिल्ह्यातून येणारी नोंद अधिक मोलाची असते, कारण जंगल असलेल्या भागाच्या तुलनेत तिथून नोंदी कमी येतात. स्वर्गीय नर्तक दिसला तर तो नर होता की मादी, रंग पांढरा की तांबूस, कोणत्या झाडावर होता आणि जवळ पाणी होते का, एवढे लिहिले तरी पुरे. तो दिसला नाही, ही माहितीही यादी नियमित भरली तर उपयोगी ठरते. कोणत्या आमराईत तो दरवर्षी थांबतो हे कळले, तर ती आमराई तोडण्याआधी गावाला विचार करता येईल.